कारंजे शोभेचे, पण पाण्यात हात कोणाचा?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नवी हौस आली आहे. गृहप्रवेश असो, लग्नाचा वाढदिवस असो की मुलाच्या नोकरीचे पेढे असोत, भेट म्हणून शोभेचे कारंजे दिले जाते. टेबलावर मावेल एवढे, आत छोटा पंप, वर रंगीत दिवा आणि पुष्कळदा पाण्याच्या धारेजवळ ध्यानस्थ तथागतांची मूर्ती. विकणारा सांगतो, ईशान्य कोपऱ्यात ठेवा, पाणी वाहील तसा पैसा वाहत येईल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारे थोडेच असतील, अशी आमची आशा आहे. पण शोभा म्हणून कारंजे घरात येतेच आणि त्यात गैर काही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसालाही सुंदर वस्तूचा हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ईशान्य कोपरा शोधण्याआधी विजेचा बोर्ड बघा.

लोक म्हणतात, "एवढासा पंप, त्याने काय होणार?" हिशेब करून बघू. १८ वॅटचा पंप २३० व्होल्टवर सुमारे ८० मिलिअँपियर करंट घेतो. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपियरच्या वर करंट काही क्षण गेला, तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ओल्या हाताची कातडी करंटला फारसा अडथळा करीत नाही. आणि घरातला फ्यूज? ५ अँपियरचा फ्यूज उडायला ५००० मिलिअँपियरहून जास्त करंट लागतो. म्हणजे माणूस गेला तरी फ्यूज जागेवर असतो. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. ही गोष्ट आपल्या घराघरात माहीत असायला हवी.

आम्ही ज्या कचेरीत कारकुनी करतो, तिथे दर्शनी भागात कमरेएवढे कारंजे बसवले आहे. येणाऱ्या पाहुण्यांना ते दिसते, साहेबांना त्याचा अभिमान आहे. त्यातले शेवाळ काढायचे काम मात्र कंत्राटदाराकडच्या सफाईच्या मावशींचे. या मावशी आमच्याच शेजारच्या वस्तीतल्या. एका सोमवारी सकाळी त्यांनी पाण्यात हात घातला आणि जोराचा शॉक बसून त्या मागे फेकल्या गेल्या. डोके भिंतीवर आपटले, हाताला दोन दिवस मुंग्या येत होत्या. जीव वाचला.

वर लगेच निकाल लागला की, बाईने बटण बंद केले नसणार. एका कागदावर तसे लिहून त्यावर मावशींचा अंगठा घ्यायचेही ठरले. मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बटण बंद करूनच हात घातला होता मी. पोरांची शपथ." आम्ही म्हटले, "मावशी, शपथ कशाला? आपण बघू की. तोवर कुठे अंगठा देऊ नका."

दोन सहकाऱ्यांना घेऊन आम्ही अर्ज दिला आणि परवानाधारक वायरमन बोलवायला लावला. त्याने बटण बंद केले आणि पंपाच्या जोडणीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! बटण बंद, तरी करंट हजर. कारण वायरिंग करणाऱ्याने बटण फेजच्या तारेवर न घालता न्यूट्रलच्या तारेवर घातले होते. अशा जोडणीत बटण बंद केले की पंप थांबतो, दिवा विझतो, पण फेज पंपापर्यंत तशीच जिवंत राहते. त्यात पंपाच्या वायरला चीर गेलेली होती आणि तिथून करंट पाण्यात उतरत होता. मावशींनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले होते. चूक त्यांच्या हाताची नव्हती, भिंतीतल्या तारेची होती. तो कागद मग कोणी पुन्हा काढला नाही.

त्या कारंज्याचे बिल आम्ही नंतर काढून पाहिले. मूर्तीचे पैसे, दगडाचे, दिव्यांचे, वाहतुकीचे, सगळ्यांची ओळ होती. पाण्यात हात घालणाऱ्या माणसाच्या जिवासाठी मात्र एकही ओळ नव्हती.

ती ओळ आता घातली गेली आहे. तिचे नाव आरसीसीबी. आम्ही बी.कॉम. झालेला माणूस, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. हे यंत्र म्हणजे विजेचा ताळा जुळवणारा कारकून. फेजच्या तारेने जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. जमा-खर्चात फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा पाण्यातून जमिनीत जातो आहे. ३० मिलिअँपियरचे यंत्र एवढा फरक दिसताच सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडते. घेताना '३० मिलिअँपियर' पाहून घ्यावे, कारण १०० किंवा ३०० चे यंत्र माणसासाठी नसते. त्यावर एक चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे, यंत्र पडले पाहिजे. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना हात लागला, तर हे यंत्रही वाचवील असे नाही. तेव्हा यंत्र बसवले म्हणून बेफिकिरी नको.

घरच्या कारंज्यासाठी याहून सोपी वाट आहे. १२ व्होल्टचा पंप घ्यावा. त्याचा अडॅप्टर चांगल्या प्रतीचा असावा आणि कोरड्या जागी, पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत असा ठेवावा. पाण्यात जाते ती १२ व्होल्टची तार, २३० ची नव्हे. २३० व्होल्टचाच पंप असेल, तर पिन तीन पायांची हवी. त्यातला जाडा पाय अर्थिंगचा. जुन्या चाळींत आणि झोपडपट्टीत बोर्डाला तिसरे भोक असते, पण त्यामागे तारच नसते. ते वायरमनकडून तपासून घ्यावे.

वायर कमी पडली म्हणून तुकडा जोडून काळी टेप गुंडाळण्याची आपल्याकडे सवय आहे. पाण्याजवळ ती सवय जिवावर बेतते. जोड पाण्यात किंवा पाण्यालगत असूच नये. वायर बोर्डाकडे नेताना मध्ये खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी बोर्डात न शिरता झोळातून खाली टपकते. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकू नये. पंप पाण्यात पूर्ण बुडालेला असावा, कोरडा चालला की तापतो आणि त्याचे सील जाते. आणि पाण्यात हात घालण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही, कोरड्या हाताने पिनच बाहेर काढावी. पिन काढली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. मग जोडणी उलटी असली तरी धोका नाही. कारंज्यात लोक नाणी टाकतात आणि ती काढायला लेकरे हात घालतात, म्हणून घरातल्या लेकरांनाही हे शिकवावे.

तरीही कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यावे, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. आणि अपघात कामावर झाला असेल, तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. न वाचता कशावरही सही-अंगठा देऊ नये.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या लेकरालेकराला ठाऊक आहे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना देशाच्या पाटबंधाऱ्यांचे आणि विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते, हे फार थोड्यांना माहीत असते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय गरिबी हटणार नाही, अशी मांडणी त्यांनी १९४३ साली केली. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. पाणी आणि वीज या दोन्ही गोष्टी गरिबाच्या दारी याव्यात म्हणून हा माणूस झटला. त्या दारात आल्यावर त्यांच्यामुळे आपलीच माणसे दगावू नयेत, हे बघणे आपले काम आहे.

१४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला आपल्या मंडपांत रोषणाई असते, हल्ली कारंजीही असतात. विहार समित्यांना आमची विनंती आहे की, आकडा टाकून वीज घेऊ नका, तात्पुरते मीटर रीतसर घ्या आणि त्या जोडणीवर आरसीसीबी बसवून घ्या. वर्गणीच्या हिशेबात त्याची ओळ असू द्या. आपल्या वस्त्यांत आयटीआयमधून वायरमनचे काम शिकलेली कितीतरी मुले आहेत. येत्या रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी टेस्टर घेऊन आधी विहाराचा बोर्ड तपासावा, मग एकेका चाळीचा. आणि कचेऱ्यांतून, दुकानांतून कारंजी धुणाऱ्या आपल्या माय-बहिणींना एवढे तरी जरूर सांगावे की, पिन निघाल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, मग साहेब काही म्हणोत.

जय भीम!