केळव्याच्या वाळूवर एक दिवस

मे महिन्यात शेजारपाजारची मंडळी गावी जातात, कोणी महाबळेश्वर गाठतात. आम्ही जयंती मंडळाचा हिशेब पुरा करीत बसतो. गेल्या मे महिन्यात मात्र आई म्हणाली, "एकदा कुठंतरी नुसतं बसायला घेऊन चल." मग एका रविवारी आम्ही केळव्याला निघालो. मी, सौ., दोन मुले, आई आणि पुतण्या. पुतण्या बोईसरच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याची सुट्टी बुधवारची, म्हणून तो खाडा करून आला.

बोईसरहून लोकलने उमरोळी, पालघर आणि मग केळवे रोड. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून आम्हा लोकांची मोठी सोय झाली. स्टेशनपासून गाव पाच-सहा किलोमीटर, शेअर रिक्षा मिळते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि विड्याच्या पानांचे मळे. आईने रिक्षा थांबवायला लावली आणि पाने घेतली. चंचीत ठेवताना म्हणाली, "बाजारात येईस्तोवर पान शिळं होतं. हे बघ, कसं कोवळं आहे!"

शितळादेवीच्या देवळाशी गर्दी होती. आम्ही सरळ सुरूच्या बनात गेलो. तिथे वाळूत रुतलेला एक लहानसा पोर्तुगीज कोट आहे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी माहीम-केळवे घेतले, हे मी मुलांना सांगू लागलो, तोवर ती पाण्याकडे पळाली होती.

भाकऱ्या घरूनच नेल्या होत्या. खाणावळीत सहा जणांचे ताट परवडणारे नव्हते, म्हणून फक्त तळलेले बोंबील मागवले. ताजा बोंबील, वरून तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत थर, आत लोण्यासारखा मऊ. बाईने रस्सा मात्र न मागता वाढला. नंतर रस्त्याकडेला बसलेल्या आदिवासी बाईकडून डझनभर ताडगोळे घेतले. सौ.ने आगोटीसाठी सुके बोंबील आणि जवळा घेतला, आणि त्यात तिने जी घासाघीस केली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

आई सुरूच्या सावलीत पाय पसरून बसली होती. म्हणाली, "समुद्र मी दादरला पाह्यला, सहा डिसेंबरला, रांगेतून चालताना. बसून कधी पाह्यलाच नव्हता."

मला फ्रान्सची गोष्ट आठवली. १९३६ साली तिथे मोठा संप झाला आणि ब्लूम सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. रेल्वेने तिकिटातही सवलत दिली. त्या उन्हाळ्यात कित्येक गिरणी कामगारांच्या कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखान्यातील पगारी रजेचा कायदा झाला. पुढल्याच वर्षी आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. जयंतीच्या भाषणात हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि टाळ्याही पडतात.

पुतण्याला विचारले, "तुझी पगारी रजा किती शिल्लक आहे?"

तो हसला. "काका, आम्हाला कुठली रजा? आजचा दिवस कापतील."

"कायद्यात कंत्राटी कामगारालाही रजा आहे. पगाराची चिठ्ठी घेऊन ये, मी हिशेब काढून देतो."

"चिठ्ठीच देत नाहीत."

आता मी बी.कॉम. झालेला कारकून, चिठ्ठीशिवाय हिशेब काढायचा कसा? शेवटी त्याला सांगितले, आजपासून वहीत रोजची तारीख, पाळी, कामाचे तास लिही. बरोबरच्या पोरांनाही लिहायला सांग. सात-आठ जणांच्या वह्या जमल्या की मी तुमच्याबरोबर कंत्राटदाराकडे येतो.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा आईला मिळाली. पिशवीतल्या सुक्या बोंबलाचा वास डबाभर सुटला होता, समोरचा प्रवासी नाक मुरडत होता. पुतण्या पालघर येईपर्यंत झोपलाही. रात्री त्याला तिसऱ्या पाळीला जायचे होते. उतरताना त्याने माझ्या खिशातले पेन मागून घेतले.