क्षितिजात अक्षरे किती?

माझा आतेभाऊ पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. गेल्या हिवाळ्यात चार दिवस आत्याकडे राहायला गेले होते. बेत होता अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके धुंडाळण्याचा. पण शनिवारी सकाळी दादा म्हणाला, "मित्राला ताप आलाय, त्याचा पास वाया जातोय. येतेस संमेलनाला?" मी नको म्हणणार तोच आत्या म्हणाली, "जा ग. मराठी घेऊन पुढे काय करणार, तेही एकदा ठरवायला हवंच ना?" आत्याचा हेतू वाईट नसतो, पण हा प्रश्न मला घरोघरी ऐकावा लागतो आणि त्याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुकाट्याने चप्पल पायांत घातली.

संमेलन होते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे. एरवी ही मंडळी भाषावार जमतात. आपल्याकडे पायथॉनवाल्यांचे संमेलन २००९ पासून भरते, इतरांची वेगळी. इथे मात्र सगळ्यांना एका मांडवात आणले होते. अमेरिकेत सेंट लुईसला 'स्ट्रेंज लूप' नावाचे असेच सर्वभाषी संमेलन २००९ साली सुरू झाले आणि २०२३ साली थांबले, असे दादाने वाटेत सांगितले. सांगताना तो असा हळहळला, की जणू एखादी जुनी नाटकमंडळीच बंद पडली होती.

आत शिरताच वारीतल्या दिंड्या आठवल्या. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आपापल्या पंथाचा टिळा! पायथॉनवाल्यांचा साप, गोवाल्यांचा निळा उंदरासारखा प्राणी, रस्टवाल्यांचा खेकडा. (पायथॉनचे नाव सापावरून नसून 'मॉन्टी पायथन' ह्या इंग्रजी विनोदी मंडळींवरून पडले आहे. तरी चिकटवायचा तो सापच.) भांडणेही पंथांसारखीच. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवली यावरून अर्थ ठरतो, तर जावात महिरपी कंस लागतो. एवढ्यावरून दोन मोठे गृहस्थ जेवणाच्या रांगेत ताटे हातात धरून हुज्जत घालत होते. मागे आमटी निवत होती.

सकाळची व्याख्याने माझ्या डोक्यावरून गेली. एकच गोष्ट लक्षात राहिली. १९८७ साली पर्ल ही भाषा काढणारा लॅरी वॉल शिक्षणाने भाषाशास्त्राचा. जिला लिपी नाही अशी एखादी भाषा शोधून तिला लिपी द्यावी, असा त्याचा आणि त्याच्या पत्नीचा मूळ बेत होता. तो तडीस गेला नाही. हे ऐकून मी जरा सरसावून बसले.

दुपारी एका बाईंनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला : क्षितिज. म्हणाल्या, "आपापल्या भाषेला विचारा, ह्या शब्दाची लांबी किती?" खटखट सुरू झाली. पायथॉन आणि जावावाले म्हणाले, सात. गो आणि रस्टवाले म्हणाले, एकवीस. एका रस्टवाल्याने अक्षरगट मोजण्याचे जुने साधन लावले तर चार आले. शेजाऱ्याने त्याच साधनाची नवी आवृत्ती लावली तर तीन!

बाईंनी उलगडा केला. संगणकाच्या लेखी क, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशा सात खुणा. नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणून सात त्रिक एकवीस. युनिकोडचा नियम २०२३ पर्यंत पाय मोडल्याच्या खुणेनंतर अक्षर तोडत असे, म्हणून चार. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे सांधली गेली, म्हणून तीन. एखाद्याने नावाच्या रकान्याला वीस बाइट ठेवले, तर क्षितिज नावाचा मुलगा त्यात मावत नाही. रोमन लिपीत लिहिला तर सातांत बसतो.

"इथे कोणी मराठीचे आहे का?" बाईंनी विचारले. दादाने माझा हात धरून वर केला.

मी उठले. घसा कोरडा पडला होता. म्हटले, "तीन. वृत्तात जोडाक्षर एकच धरतात. तिन्ही लघू आहेत, म्हणून हा नगण." वर्गात हेच उत्तर देताना जांभया ऐकू येतात. इथे दोनेकशे माणसांनी माना वर केल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून पिकल्या केसांचे एक गृहस्थ उठले. "मग हे सांगा. मी 'अर्थात्' लिहिले आणि मागे खोडण्याची कळ एकदा दाबली. काय जायला हवे? नुसता मोडलेला पाय, की सबंध त?"

मला सांगता येईना. गण पाठ होते, मात्रा पाठ होत्या, खोडायचे कसे हे कुणी शिकवलेच नव्हते. मी "ठाऊक नाही" म्हणून बसले. चहाच्या वेळी तेच गृहस्थ शोधत आले. "तुम्हांला अडचणीत टाकायचे नव्हते हो. पंचवीस वर्षे जावा लिहितोय. अशा सभेत मराठी शिकणारे माणूस आजच भेटले, म्हणून विचारले. उत्तर सापडले तर कळवा." त्यांनी आपला पत्ता लिहून दिला, तोही शुद्ध देवनागरीत.

परतीच्या एस.टी.त मी मोबाईलवर 'अर्थात्' लिहून खोडून पाहिले. सात वेळा कळ दाबावी लागली.

कॉलेजात सरांना विचारले. ते म्हणाले, "अक्षर म्हणजे अक्षर. सबंधच जावे." बाजूच्या मॅडमना ते पटेना. "मुलांच्या चुका असतात ऱ्हस्व-दीर्घाच्या. वेलांटी चुकली तर वेलांटीच खोडायची. सगळे अक्षर कशाला पुन्हा लिहायला लावता?" तास सुरू झाला तरी दोघे थांबले नाहीत. शेवटी सरांनी कपाटातून गेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका काढून माझ्या हाती दिल्या. हाताने लिहिताना माणूस वेलांटी खोडतो की अक्षर, हे मोजून आण म्हणाले.

परवा आत्याचा फोन आला, तेव्हा माझी तेविसावी उत्तरपत्रिका चालली होती.