भूल

माय गेली त्याला येत्या कोजागिरीला तीन वर्षं होतील. तिच्या तोंडचा एक शब्द मात्र अजून घरात वावरतो. भूल.

जंगलात एखादी वेल ओलांडली की माणूस वाट चुकतो, तिथेच गोल फिरत राहतो. ती रानभूल. परतवाड्याहून मेळघाटाकडे जाताना माय हे इतकं सहज सांगायची की मी पाय उचलून उचलून टाकायची. बाजारात पातळाचा रंग आवडला की म्हणायची, ‘भूल पाडली ना वं यानं.’ भुरळ त्याच घरातला, पण भुरळ वरवरची. डोळ्यांना पडते, निघून जाते. भूल आत उतरते.

आणि भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्या वऱ्हाडात हिचं राज्य. सारीपाटात हरलेला शंकर रुसून निघून गेला, पार्वती भिल्लीण होऊन त्याच्यासमोर नाचली आणि तो भुलला. भुलवणारी ती भुलाबाई, भुलला तो भुलोजी. मांडीवर गणपती घेतलेल्या मातीच्या जोडीपुढे आम्ही मुली टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायचो, अन् शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा मंडप असायचा. देवालाही भूल पडते, आणि ती पाडणारी त्याचीच बायको असते, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

गाणी संपली की खिरापत. झाकलेला डबा, आत काय ते ओळखायचं. माय डबा प्रत्येकीच्या कानाशी धरून हलवायची. खुळखुळ आली तर फुटाणे किंवा दाणे, धपधप आली तर लाडू, काहीच आवाज नाही तर शिरा. माय लवकर हार मानू द्यायची नाही. जवळ जाणारं नाव घेतलं तरी मान हलवायची. ‘आंबट की गोड?’ ‘खारं.’ आमच्या सगळ्यांच्या घशाला कोरड पडेपर्यंत झाकण निघायचं नाही.

मग तिचं खुब्याचं हाड मोडलं. पुस्तकात बधिरीकरण असेल, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणी तो शब्द उच्चारत नाही. ‘भूल दिली’, ‘भूल उतरली का?’ असंच विचारतात. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची जाहीर भूल दिली गेली, ते शास्त्र पुढे आपल्याकडे आलं, तेव्हा मराठीने या गुंगीसाठी मोहिनीचाच शब्द पुढे केला. कापाकापीच्या वेळी माणूस दुःखापासून दूर, कुठल्यातरी रानात असावा, अशी त्यात माया आहे. सही करताना मला त्या शब्दाचा धीर वाटला होता.

भूल उतरली. माय पुरती परतली नाही. म्हाताऱ्या माणसांना शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होतो, बहुतेकांचा ओसरतो, डॉक्टरांनी समजावलं. तिचा ओसरला नाही. आमच्याकडे हिंदीच्या शेजाराने भुलणं म्हणजे विसरणंही होतं. शेजारणी खालच्या आवाजात म्हणायच्या, ‘भुलते आता बाई.’ एवढ्याशा शब्दात रान, देव, दवाखाना आणि हा विसर, सगळं होतं, हे मला त्या तीन शब्दांत कळलं. मला ती कधी मोठी बहीण समजायची, कधी घरमालकीण.

एका संध्याकाळी मी तिच्या गोळ्यांची डबी घेऊन बसले. तिने ती माझ्या हातातून घेतली, कानाशी नेली आणि हलवली. डोळे मिटले. पुन्हा हलवली, यावेळी सावकाश.

‘फुटाणे?’

माझा गळा दाटला. ‘हो माय,’ मी म्हटलं, ‘फुटाणेच.’

तिने डोळे उघडले. जुनी, ओळखीची नाराजी त्यात होती.

‘इतक्या लवकर काहून सांगतलं वं?’