आवरलं का?

आमच्या घरातून कुठेही बाहेर पडायचे असले की दारात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आवरलं का?" पुरुषांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पायांत चपला सरकवणे एवढेच असते. बाईच्या बाबतीत मात्र त्यात गॅस बंद करण्यापासून वेणीला पिन लावण्यापर्यंत सगळा संसार येतो. आणि त्या यादीच्या अगदी शेवटी, जिचा उच्चार कोणी करीत नाही अशी एक बाब असते. माझी आई ती डोळ्यांनीच विचारायची. मी म्हणायची, "आत्ताच जाऊन आले." ती म्हणायची, "असू दे. पुन्हा जाऊन ये. वाटेत सोय नसते."

मी मराठीची प्राध्यापिका. शब्दांची चिकित्सा करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. परंतु ज्या शब्दाने माझी बारा वर्षे खाल्ली, त्याच्याकडे मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत नीट पाहिले नव्हते. तो शब्द म्हणजे 'लघुशंका'. त्यातले 'लघु' मला कळत होते; 'शंका' कळायला मात्र डॉक्टरांची पायरी चढावी लागली. शंका म्हणजे संशय, आणि संस्कृतात भीतीसुद्धा! हा शब्द ज्याने या कामी लावला, त्याच्या घरात माझ्यासारखी एखादी बाई नक्की असली पाहिजे.

मी राहते शहरात आणि शिकवते शेंद्र्याच्या बाजूला. शहराचे नाव पूर्वी औरंगाबाद होते, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पण जालना रस्त्यावरची गर्दी नाव बदलल्याने कमी झालेली नाही. मुकुंदवाडी, चिकलठाणा, केंब्रिज चौक अशी एकेक ठाणी मागे पडली की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ साली इथे स्कोडा मोटारींचा कारखाना आला. अलीकडे 'ऑरिक' नावाचे नवे औद्योगिक नगर उभे राहिले. रस्ते असे रुंद की त्यांवर विमान उतरावे. पण त्या रुंद रस्त्याच्या कडेला बससाठी उभ्या असलेल्या बाईला 'जायचे' असेल, तर तिने कुठे जावे हे मात्र कुठल्याच नकाशात नाही. पुरुषांचा प्रश्न कुंपणाच्या कोणत्याही भिंतीने सोडवलेला असतो.

तर एका चैत्रातली गोष्ट. शेंद्र्याच्या मांगीरबाबांच्या यात्रेचे दिवस. आमची बस केंब्रिज चौकाच्या पुढे जी अडकली, ती हलेना. पुढे गाड्या, मागे गाड्या आणि मध्ये मी, मांडीवर पर्स आवळून. कशीबशी महाविद्यालयात पोचले, तर बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा जेवायला गेलेले. पुढचे लिहीत नाही. साडी गडद निळ्या रंगाची होती, एवढेच सांगते.

त्या दिवसापासून माझ्या कपाटातल्या फिक्या साड्या कपाटातच राहिल्या. सकाळी निघताना पाणी पिणे मी बंद केले. घरातून दोनदा जायचे, पोचल्यावर एकदा, प्रत्येक तासाच्या आधी एकदा. शहरातल्या कोणत्या दुकानात, कोणत्या मजल्यावर, कोणत्या कोपऱ्यात सोय आहे हे मला तोंडपाठ झाले. नाटक पाहायचे तर कडेची खुर्ची. लग्न असले तर कार्यालय पाहून आमंत्रण स्वीकारायचे. शेवटी मुलीच्या पुण्यातल्या पदवीदान समारंभाला मी "बरं वाटत नाही" म्हणून गेले नाही. खरे कारण पाच-सहा तासांचा रस्ता. फोनवर मुलगी एवढेच म्हणाली, "आई, तू आता फक्त फोटो बघायलाच येणार का?"

या एका वाक्याने मला दवाखान्यात नेले. तिथे दुसरीच फजिती. दोनशे विद्यार्थ्यांपुढे शृंगाररसाचे विवेचन न अडखळता करणारी मी, डॉक्टरांपुढे "ते... जरा... वरचेवर..." याच्या पुढे सरकेना. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "लघवी. म्हणा एकदा. शब्द साधा आहे." मग तपासण्या झाल्या. लघवीत जंतू नाहीत, साखर ठीक, सोनोग्राफी ठीक. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात रडू आले. आजार नाही म्हणजे मग सगळे मनाचेच खेळ की काय?

"खेळ मनाचा असेल, पण मैदान शरीराचं आहे," असे म्हणून त्यांनी मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची ती. तिने मला एक वही करायला सांगितली. तीन दिवस, प्रत्येक वेळी, वेळ आणि माप लिहायचे. स्वयंपाकघरातला मापाचा मग त्या कामी हुतात्मा झाला. वही पाहून ती हसली. कामाच्या दिवशी चौदा वेळा, दर वेळी साठ-सत्तर मिलिलीटर. रविवारी, घरी, सात वेळा. आणि पहाटे उठल्यावर? एकदम चारशे!

"मॅडम, मूत्राशयात चारशे-पाचशे मावतं. तुमचंही तेवढंच आहे. रात्री ते घागर असतं आणि दिवसा वाटी होतं. घागर लहान झालेली नाही, तुम्ही ती भरूच देत नाही."

मग तिने दोन्ही हातांची झोळी करून दाखवली. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची अशी एक झोळी असते. मूत्राशय आणि गर्भाशय तिच्यावर विसावलेले असतात. वेळ आली की झोळीने सैल व्हायचे आणि मूत्राशयाच्या भिंतीने आकसायचे, असा दोघांचा करार. परंतु भीती वाटली की माणूस जसे खांदे वर घेतो, दात आवळतो, तशीच ही झोळीही आवळतो. रोज दोन-अडीच तास बसमध्ये ती आवळून धरली की तिला सैल व्हायचा विसरच पडतो. मग बसल्यावर धार लवकर सुरू होत नाही, झाले असे वाटत नाही, म्हणून पुन्हा जावे लागते. त्यात आवळलेले स्नायू स्वतःच कुरकुरतात आणि मेंदूला ती कुरकुर म्हणजे लघवीची हाक वाटते. भ्यालेला मेंदू प्रत्येक कुजबुज ऐकतो. पाणी कमी प्यावे तर लघवी दाट होऊन आणखी चुरचुरते. असे हे चक्र!

मी जरा अभिमानाने सांगितले, की भाचीने मोबाईलवर दाखवलेले केगेल व्यायाम मी तीन आठवडे नेमाने केले आहेत. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली हे आवळण्याचे व्यायाम प्रसिद्ध केले आणि ज्यांचे स्नायू बाळंतपणाने ढिले पडतात त्यांना त्यांचा मोठा उपयोग होतो. "पण तुमचे ढिले नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला आवळायला कोणी शिकवायची गरज नाही. तुम्ही सोडायला शिका."

सोडायला! मी घरी येताना बसमध्ये विचार करीत राहिले. आम्हा मुलींना भाषेने शिकवले काय? पदर आवर, पाय आवर, हसू आवर, रडू आवर, घर आवर. 'आवर' हे क्रियापद आमच्या अंगात इतके मुरले, की ते शेवटी त्या झोळीपर्यंत पोचले.

आणि ही माझ्या एकटीची कथा नाही. मुंबईत २०११ साली 'राईट टू पी' नावाची चळवळ सुरू झाली ती याच प्रश्नावर : पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे. तिथल्या मुमताज शेख यांचे नाव २०१५ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत आले. मी मात्र त्या काळात साडीचा रंग निवडण्यात चातुर्य मानीत होते. कुलपे दारांना असतात, ती उघडायलाच हवीत. पण वर्षानुवर्षे बंद दारांपुढे उभे राहून आतही एक कुलूप बसते, ते वेगळे उघडावे लागते.

माझा अभ्यास तसा सोपा होता. पाठीवर पडून पोटात श्वास घ्यायचा. श्वास आत येताना झोळी खाली उतरते, तिला उतरू द्यायचे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यायचे, चहा कमी. बसताना अधांतरी न राहता नीट बसायचे, जोर करायचा नाही. "असू दे, जाऊन येते" हे बंद. हाक आली की दहा मिनिटे थांबायचे, मग पंधरा. पण दात आवळून नव्हे, श्वास सोडत. (जळजळ, ताप, रक्त किंवा लघवी अडकणे असले तर मात्र हा निबंध मिटून आधी डॉक्टरांकडे जावे.) चार महिने लागले. अजूनही परीक्षेच्या दिवसांत वही जरा बिघडते. परंतु पुण्याला मी जाऊन आले, वाटेत एकदाच थांबून; मुलीच्या नव्या घरी दोन पेले पाणी पिऊन आले.

गेल्या महिन्यात तासाला एक मुलगी चुळबुळत उठली आणि शाळेतल्या सवयीने तिची करंगळी वर झाली. वर्ग हसला. पूर्वीची मी म्हणाले असते, "तास संपेपर्यंत थांबता येत नाही का?" असे मी किती जणींना म्हटले असेन, याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही. मी म्हटले, "जा. आणि मला विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं." ती गेली. मागोमाग आणखी तिघी उठल्या.

हसणे थांबले. फळ्यावर अर्धवट राहिलेली ओळ मी पुरी केली आणि त्या चौघी परत येईपर्यंत पुढचा मुद्दा काढला नाही.