घोड्यांच्या तळावर

मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोडेबाजाराची कीर्ति आम्हां रेणापूरकरांस ठाऊक आहे. परंतु थंडीची एक रात्र घोडेवाल्यांच्या तळावर काढल्यावांचून त्यांची विद्या कळत नाहीं. प्रथम मेखा ठोकून अगाडी-पिछाडी बांधावयाची, मग पाणी, मग तोबरा. धन्याची भाकर शेवटीं. हा क्रम, मुलांनो, मला फार आवडला. घोडा उभ्यानें डुलकी घेतो खरा. पण गाढ झोपेसाठीं त्याला आडवें व्हावेंच लागतें, आणि जागा निर्धास्त वाटल्याखेरीज तो आडवा होत नाहीं. मध्यरात्रीं शेजारची तांबडी घोडी निजली. म्हाताऱ्या धन्यानें आपली घोंगडी हलकेच तिच्यावर घातली व तो शेकोटीपाशीं बसून राहिला. सकाळीं तिचा सौदा व्हावयाचा होता.