उठता-बसता

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी आमच्या भाईंदरच्या घरी आला. कवितेच्या तासाला हा हमखास डुलक्या घेत असे. आता मोबाईलची ॲपे तयार करतो. म्हाताऱ्या माणसांकडून घरच्या घरी व्यायाम करून घेणारे एक ॲप त्याने बनवत आणले होते आणि त्यातल्या सूचनांना त्याला 'चांगले मराठी' हवे होते. मी बाह्या सरसावल्या. 'जानुसंधीचे आकुंचन व प्रसरण' असे एक झोकदार शीर्षक तिथल्या तिथे लिहून दिले.

पहिला प्रयोग आईवर झाला. वय 74. मोबाईल हातात धरला तर व्यायाम कोणत्या हाताने करायचा, हा प्रश्न तिनेच काढला. शेवटी साखरेच्या डब्याला टेकवून तो उभा केला. तिच्या कोरड्या बोटांना पडदा दाद देईना. आतली बाई विरार फास्ट पकडायची असल्यासारखे आकडे मोजत होती. तिसऱ्या उठाबशीला आई थांबली, तशी लाल अक्षरे उमटली: 'उद्दिष्ट अपूर्ण.'

"आता या वयात हिच्याकडून नापास व्हायचं का?" आई म्हणाली.

पोरगा मात्र गुणी. पुढच्या रविवारी त्याने इमारतीतली सात-आठ म्हातारी मंडळी तळमजल्यावर जमवली. ॲप दाखवलेच नाही. "आजी, तुम्हाला काय करता यायला हवंय?" एवढेच तो एकेकीला, एकेकाला विचारत गेला. एका आजोबांना आधाराशिवाय लोकलमध्ये चढायचे होते. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बांना जिन्यात मध्येच थांबावे लागू नये, एवढेच हवे होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

"मला खाली बसून उठायचंय," आई म्हणाली. "बसता येतं रे, उठता येत नाही. म्हणून तर भजन सोडलं."

मी ऐकतच राहिलो. दोन वर्षे मी लोकांना सांगत होतो, आईचे आता भजनात मन लागत नाही. हौसेने टाळांचा नवा जोडही आणून दिला होता.

पासष्टीनंतर तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून निदान 3 दिवस हवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे. ते विद्यार्थ्याला पाठ होते. कशासाठी, ते त्या रविवारी कळले असावे. हात छातीशी घेऊन 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ही डॉक्टर मंडळींची चाचणी त्याने पहिला धडा केली. खुर्ची भिंतीला टेकलेली. मग स्टूल, मग पाट. आकडे सावकाश झाले. लाल अक्षरांच्या जागी 'आज एवढं पुरे' आले. माझी जानुसंधी अर्थातच गेली. तिथे आईचे शब्द बसले: 'पाटावरून उठताना'.

पहिल्या दिवशी आई 6 वेळा उठली. दसऱ्याला 10 वेळा. पुढच्या एकादशीला ती देवळात गेली.

"खाली बसलीस?" परतल्यावर मी विचारले.

"बसले की."

कोणाच्या हाताला धरून उठली, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.