बाप्पाचं शॉकअप

या वीकेंडचा विषय आहे टेम्पोचे पाटे. जावा, डेटाबेस वगैरेंना आज सुट्टी.

गोवंडीतल्या आमच्या सोसायटीत बारा घरांनी २०२४ साली ठरवलं की प्लॅस्टर बास, आता शाडूचे गणपती. पेणहून एकाच टेम्पोत आणायचे. आणले. पण बारापैकी दोन मूर्ती पोचेपर्यंत दुखावल्या होत्या. एकीचा हात मनगटापासून गेला, दुसरीची सोंड. सोंडवाली मूर्ती दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या मूर्तीवर रुमाल टाकून आत गेल्या. आयत्या वेळी मिळाली ती प्लॅस्टरचीच. २०२५च्या मीटिंगमध्ये मग सरळ सांगण्यात आलं, यंदा एक जरी मूर्ती खंडित झाली तरी पुढच्या वर्षी सगळे परत प्लॅस्टरवर. आणि "तू इंजिनिअर आहेस ना?" (अहो काकू, सॉफ्टवेअरचा!) या न्यायाने वाहतूक माझ्या गळ्यात पडली.

शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, नुसती वाळवतात. दाब सोसते, पण वाकवणं-हलवणं सोसत नाही. बैठं धड म्हणजे गोळाच, त्याला काही होत नाही. तुटतं ते बाहेर आलेलं : आशीर्वादाचा हात, सोंडेचं टोक, कान. खड्ड्यात गाडी आदळली की धड थांबतं आणि हात मात्र खाली जायला बघतो. म्हणजे मूर्तीला आणखी कापसात गुंडाळून फारसा उपयोग नाही, दणकाच कमी करायला हवा.

टेम्पो म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आलेला टाटा एस. मागे पोलादी पाटे, एकावर एक रचलेले. ही गाडी बनली आहे पाऊण टन माल न्यायला. आमच्या बारा मूर्ती मिळून जेमतेम १०० किलो. पाऊण टनासाठीचा पाटा १०० किलोला भीक घालत नाही, तो दगडासारखाच वागतो. रिकाम्या टेम्पोत मागे बसून कधी गेला असाल तर तुमच्या माकडहाडाला हे ठाऊक आहे :)

लिंक रोडवर पाट्यांचं काम करणारा एक मिस्त्री आहे. त्याला म्हटलं, एक-दोन पाटे काढून टाकता येतील का? त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काढतो की साहेब. गणपती येईल आरामात. मग सोमवारी हा टाईल्स भरणार, तेव्हा कमान तुटेल, ती कोण देणार?" बरोबरच होतं. मऊ पाटा एका दिवसाला चांगला, धंद्याला नाही. मग म्हणाला, "माल कम है तो माल बढाओ ना."

वजन वाढवायचं! संध्याकाळी गाडी सपाट जागेवर लावली आणि मागच्या चाकांच्या बरोब्बर वर वाळूची पाच पोती ठेवली, प्रत्येकी ५० किलो. पट्टीने मोजलं, हौदा दोन सेंटिमीटर खाली बसला. म्हणजे १२५ किलोला एक सेंटिमीटर. आता एक सोपं गणित. स्प्रिंग वजनाने जितके सेंटिमीटर बसते त्याचं वर्गमूळ काढा आणि पाचला त्याने भागा, की गाडी सेकंदाला साधारण किती वेळा वरखाली होते ते कळतं. मागच्या पाट्यांवर रिकाम्या हौद्याचा भार अंदाजे २५० किलो धरला. मूर्तींसकट ३५०, म्हणजे २.८ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला तीन हिसके. पाच पोती टाकली की ६००, म्हणजे ४.८ सेंटिमीटर आणि सव्वादोन झोके. हिसक्याचा झोका झाला. शिवाय तेवढ्याच खड्ड्यातून वर येणारा दणका जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी, कारण पाट्याचा जोर तोच पण ढकलायचं वजन जास्त. आणि सगळं मिळून गाडीच्या मर्यादेच्या अर्ध्यातच.

(२००७ पासून आलेल्या सिमेन्सच्या लोकलमध्ये डब्याखाली हवेच्या उशा असतात. गर्दी वाढली की त्यात आपोआप हवा भरली जाते, उतरली की कमी होते. आपल्याला वाळू उचलावी लागते.)

ऑफिसातल्या एका मित्राची आयडिया होती की मूर्तींखाली स्कूटरच्या ट्यूबा घाला. मला ती पटली नाही. ट्यूब झेलते खरी, पण झेलल्यावर थांबत नाही, चेंडूसारखी डुलत राहते. आपल्याला झोका जिरवणारं काहीतरी हवं होतं. पेणच्या कारखान्यात विचारलं तर मूर्तिकार म्हणाले, "पेंढा टाका की." पेंढ्याची काडी काडीवर घासते, त्यात हिसका मुरतो. पाट्यांमध्येही तेच होतं, पट्टी पट्टीवर घासते. हे लोक किती वर्षांपासून पेंढा वापरतायत कुणास ठाऊक, आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ट्यूबांची चर्चा करतोय!

चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आम्ही आधीच्या रविवारी निघालो. पोती चाकांवर, मूर्ती केबिनच्या पाठीला चिकटून, कारण दोन चाकांच्या मधली जागा सगळ्यात कमी उडते आणि शेपटाकडची सगळ्यात जास्त. खाली वीतभर पेंढा. मागच्या टायरची हवा माल कमी असताना चालेल इतपत उतरवलेली. ड्रायव्हरला सांगितलं, खराब पट्ट्यात पंचवीसच्या वर जायचं नाही. उगाच नाही : दर चार मीटरवर उंचवटा असेल तर ताशी चाळीसला गाडीला सेकंदाला पावणेतीन धक्के बसतात, म्हणजे जवळजवळ तिच्या स्वतःच्या झोक्याच्या तालावर, आणि मग झोका वाढतच जातो. पंचवीसला पावणेदोन. वाशीच्या खाडीपुलावर मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. वाजवू दे.

मी मागे मूर्तींपाशी बसून आलो. पनवेलच्या अलीकडे एक खड्डा असा आला की माझे दात वाजले, पण आशीर्वादाचे बाराही हात जागेवर होते.

गेटवर उतरवताना आजी स्वतः खाली आल्या. पाटावरचा रुमाल काढून आधी सोंड बघितली, मग कान, मग हात. "उंदराची शेपटी गेलीय रे," म्हणाल्या. मूर्तिकाराने पिशवीत ओल्या शाडूचा गोळा दिला होताच. आजींनी तो मागून घेतला आणि शेपटी स्वतःच लावली, आधीपेक्षा जरा जाडच.

ड्रायव्हरने वेटिंगचे तीनशे जास्त घेतले. वाळूची पोती अजून पार्किंगमध्ये पडून आहेत, सेक्रेटरी रोज विचारतात.